‘दूध बाधते’ : तान्ह्या मुलाच्या दुग्धशर्करा-अपचनाच्या निदानाचा इतिहास

तान्हे मूल दूध प्याल्यावर किंचाळून रडू लागते, त्याचे पोट टरटरते, ते पाय पोटाशी घेते आणि फेसाळ, आंबूस वासाची पातळ शी करते. अशा वेळी मराठी घरात प्रथम उच्चारले जाणारे वाक्य बहुधा ‘बाळाला दूध बाधलं’ हे असते. ‘दूध पचत नाही’, ‘दूध सोसत नाही’, ‘दूध अंगाला लागत नाही’ ही त्याच कुळातील आणखी काही वाक्ये होत. या सर्वांच्या रचनेत एक साम्य आहे. दूध प्रथमेत असते. मूल किंवा त्याचे अंग चतुर्थीत असते. जे काही घडले ते दुधाने केले आणि मुलाला भोगावे लागले, असा या रचनेचा कल आहे. आणि मूल अंगावर पीत असेल तर ते दूध कोणाचे हे वेगळे सांगावे लागत नाही. उलट, इंग्रजी वैद्यकीय परिभाषेत मूलच ‘इन्टॉलरन्ट’ ठरते. तेथे वाक्याचा कर्ता मूल, आणि उणीवही त्याचीच.

हा केवळ व्याकरणाचा विषय वाटेल. प्रस्तुत लेखकाला मात्र तो ग्रंथालयात सुचला नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या घरातील दोन महिन्यांच्या एका मुलीच्या कागदावर एका डॉक्टरांनी ‘लॅक्टोज इन्टॉलरन्स’ एवढे दोन शब्द लिहिले आणि आईचे दूध त्वरित बंद करून डब्यातील पावडर सुरू करण्यास सांगितले. मुलीचे वजन नियमित वाढत होते, हे त्याच कागदावर दोन ओळी वर लिहिलेले होते. त्या दोन शब्दांनी घरातील मंडळींना जी दहशत बसली तिचा उगम कशात आहे, ते शब्द प्रथम कोणत्या रोगास लावले गेले आणि पुढे कशाकशास लागू झाले, याचा शोध घ्यावा असे तेव्हापासून मनात होते.

प्राचीन वैद्यकापासून आरंभ करणे सोयीचे आहे, कारण दोष कोणाकडे जातो हे तेथे स्पष्ट दिसते. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानाच्या तिसाव्या अध्यायात, म्हणजे दृढबलाने पुरविलेल्या भागात, स्तन्याचे आठ दोष गणलेले आहेत. वैरस्य, फेनसंघात व रौक्ष्य हे वातामुळे. वैवर्ण्य व दौर्गंध्य हे पित्तामुळे. आणि स्नेह, पैच्छिल्य व गौरव हे कफामुळे होतात. दूध पाण्यात टाकून पाहावे, ते एकजीव झाले तर शुद्ध समजावे, ही परीक्षाही सांगितलेली आहे. वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानात, दुसऱ्या अध्यायात, तिन्ही दोषांनी दूषित झालेले स्तन्य पिणाऱ्या बालकाच्या रोगास ‘क्षीरालसक’ असे नाव दिले असून त्यात मलाचे वर्णन दुर्गंधी, अपक्व, तुटक, पाण्यासारखा आणि फेनयुक्त असे केले आहे. मुंबईत १८८० साली डॉ. अण्णा मोरेश्वर कुंटे यांनी अष्टांगहृदयाची आवृत्ती छापून प्रसिद्ध केल्यापासून हा ग्रंथ महाराष्ट्रातील सुशिक्षित वैद्यांच्या हाती सहज येऊ लागला.

क्षीरालसक म्हणजेच आजचे लॅक्टोज इन्टॉलरन्स होय, असे समीकरण अलीकडच्या काही लेखनात मांडलेले आढळते. ते स्वीकारता येत नाही. फेसाळ व पाण्यासारखा मल हे लक्षण तान्ह्या मुलाच्या बहुतेक अतिसारांत दिसते. आणि वाग्भटाच्या यादीत ज्वर, वांती, तृष्णा, जांभया यांचाही समावेश आहे. शिवाय त्याची उपपत्ती निराळी आहे. दोष दुधात आहे, म्हणून उपचार मुलाबरोबर दूध पाजणारीवरही करावयाचे. दूध सुटले तर धात्रीचे, नाहीतर शेळीचे अथवा गाईचे द्यावे, असा पर्याय याच ग्रंथपरंपरेत दिलेला आहे. मुलाच्या आतड्यात जन्मतः काही उणे असेल आणि कोणाचेही दूध त्यास चालणार नाही, ही कल्पना तेथे नाही. ती असण्याचे कारणही नव्हते. दोन नावांखाली येणारी लक्षणे अंशतः जुळली म्हणजे दोन संकल्पना एक होत नाहीत, हे भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास सांगावयास नको.

मात्र निदानाच्या पद्धतीच्या दृष्टीने याच परंपरेतील एक प्रकरण फार मोलाचे आहे. नेपाळातील हस्तलिखितावरून संपादित होऊन १९३८ मध्ये मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून प्रसिद्ध झालेल्या काश्यपसंहितेत ‘वेदनाध्याय’ आहे. ज्याला बोलता येत नाही त्याची वेदना कशी ओळखावी, हा त्याचा विषय. पोटशूळ असलेले मूल स्तन सोडून देते, रडते, उताणे पडून अंग मोडते. त्याचे पोट ताठ होते, अंग थंड पडते व तोंडावर घाम येतो, अशा अर्थाचे वर्णन त्यात आहे. चिन्ह आणि त्याचा अर्थ यांचा संबंध जोडण्याचा इतका पद्धतशीर प्रयत्न त्या काळच्या वाङ्मयात विरळा. पण हे चिन्ह शूळाचे आहे. शूळाच्या कारणाचे नव्हे. पुढील इतिहासात हा भेद वारंवार विसरला गेला.

आता युरोपकडे वळू, कारण दुधातील साखरेचा शोध तेथील औषधशाळांत लागला. बोलोन्याचे वैद्य फाब्रित्स्यो बार्तोलेत्ती यांनी निवळीपासून मिळणाऱ्या या पदार्थाचे वर्णन १६३३ मध्ये प्रसिद्ध केले. ती एक शर्करा आहे, हे स्वीडनच्या कार्ल विल्हेल्म शेले यांनी १७८० मध्ये ठरविले. ‘लॅक्टोज’ हे नाव फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ द्युमा यांनी १८४३ मध्ये दिले. परंतु १८५६ मध्ये पाश्चर यांनी त्या शर्करेचे विघटन करून मिळालेल्या घटकालाच ‘लॅक्टोज’ म्हटले, आणि १८६० मध्ये बर्तलो यांनी त्या घटकास ‘गॅलॅक्टोज’ असे नाव देऊन ‘लॅक्टोज’ हे नाव मूळ शर्करेकडे परत नेले. म्हणजे ज्या नावाभोवती आज इतका घोटाळा आहे, त्याने बालपणीच एकदा घर बदलले होते. ही शर्करा आतड्यात फोडणाऱ्या विकराचे ‘लॅक्टेज’ हे नाव तिच्याच नावावरून घडले. मराठीत या दोन शब्दांत एका स्वरचिन्हाचे अंतर आहे. ‘मुलाला लॅक्टेज चालत नाही’ असे वाक्य सुशिक्षितांच्या तोंडून ऐकू येते, त्यात त्यांचा दोष थोडाच म्हणावा लागेल.

बालरोगचिकित्सेत हा विषय शिरला तो विसाव्या शतकाच्या प्रारंभी. बाटलीच्या दुधावर वाढणारी मुले अतिसाराने मोठ्या संख्येने दगावत असत, आणि दुधातील कोणता घटक घातक, यावर जर्मन भाषिक वैद्यांत दीर्घ वाद चालला होता. न्यूयॉर्कचे आब्राहम जाकोबी यांनी दुग्धशर्करा अर्भकाच्या आहारात घालण्याविषयी आपल्या शंका १९०१ मध्ये अमेरिकन बालरोगतज्ज्ञांपुढे मांडल्या. बर्लिनचे हाइन्रिश फिंकेलश्टाइन यांनी अर्भकांच्या अतिसारात व ज्वरात शर्करेस मुख्य आरोपी ठरविले. आणि १९१० मध्ये लुडविग मायर यांच्यासह ‘आइव्हाइसमिल्श’, म्हणजे प्रथिनदुग्ध, प्रचारात आणले. दूध फाडून त्याची निवळी काढून टाकावयाची, चोथा ताकात कालवावयाचा, म्हणजे शर्करा बरीच कमी होते, अशी त्याची कृती. (ज्या समाजात ताक हे आजाऱ्याचे अन्न मानले जाते, त्याला यात नवल वाटणार नाही, अर्थात् तान्ह्या मुलास ताक पाजावे असा याचा अर्थ नव्हे.) फिंकेलश्टाइन ज्यू होते, हिटलरच्या राजवटीत त्यांना देश सोडावा लागला, आणि १९४२ मध्ये चिलीत सांतियागो येथे त्यांचा मृत्यू झाला. त्यांची उपपत्ती पुढे टिकली नाही, कारण अतिसारामागील जंतू तिच्या चौकटीत बसत नव्हते. परंतु मुलाची आहार सोसण्याची एक मर्यादा असते आणि रोगात ती खाली येते, ही कल्पना त्या पिढीने रूढ केली.

येथे ‘सोसणे’ हा शब्द महत्त्वाचा आहे. ‘टॉलरन्स’चा मूळ लॅटिन अर्थ भार सहन करणे हाच आहे, आणि आरंभीच्या प्रयोगात त्याला परिमाणाचा अर्थ होता. किती शर्करा सोसते, हा प्रश्न होता. सोसते की नाही, हा नव्हे. अमेरिकेत जॉन हाउलंड यांनी १९२१ मध्ये कर्बोदके दीर्घकाळ न सोसणाऱ्या मुलांविषयी व्याख्यान दिले, त्याच्या शीर्षकात ‘इन्टॉलरन्स’ हा शब्द आहे. आज पाहता त्यांतील पुष्कळ मुले सीलिअॅक रोगाची असावीत, आणि त्या रोगात गव्हातील ग्लुटेन कारणीभूत असते हे डच वैद्य विलेम डिके यांनी १९५० च्या आपल्या प्रबंधात दाखविले. सारांश, हा शब्द प्रथमपासूनच आपल्या अर्थाहून मोठे घर बाळगून होता.

ज्या रोगास ते नाव खऱ्या अर्थाने लागू पडावे तो आढळण्यास १९५८-५९ हे साल उजाडावे लागले. इटलीचे पाओलो दुरांद यांनी १९५८ मध्ये जुनाट अतिसार, आम्लरक्तता आणि मूत्रात लॅक्टोज अशी लक्षणे असलेल्या रुग्णाचे वर्णन केले. पुढील वर्षी मँचेस्टरचे होल्झेल, श्वार्ट्झ व सटक्लिफ यांनी ‘लॅन्सेट’ नियतकालिकात भावंडांचा वृत्तांत दिला. जन्मानंतर लवकरच अतिसार सुरू झालेली आणि खंगत चाललेली ही मुले लॅक्टोज आहारातून काढताच सावरली. दोन्ही वृत्तांत पुष्कळ काळ एकाच नावाखाली नांदले. परंतु दुरांद यांच्या प्रकारात मोडणाऱ्या मुलांच्या आतड्यात विकर पुरेसे असते, असे पुढे आढळले. मँचेस्टरच्या भावंडांचा प्रकार विकराच्या जन्मजात अभावाचा मानला गेला. या दुसऱ्या रोगाचा सर्वांत सखोल अभ्यास फिनलंडमध्ये झाला. तेथे तो तुलनेने अधिक आढळतो, आणि तरीही सुमारे ६०,००० जन्मांत एक इतकेच त्याचे प्रमाण सांगितले जाते. त्यामागील जनुकीय बदल २००६ मध्ये ओळखण्यात आला. अशा मुलास आईचे पहिले दूध पोटात जाताच पाण्यासारखे जुलाब सुरू होतात, त्याचे वजन घटते, शरीर शुष्क होते. दोन महिने हसतखेळत वाढलेल्या मुलात हा रोग दडून राहू शकत नाही. आमच्या घरातील कागदावरच्या दोन ओळींची संगती लागत नव्हती ती याच कारणाने.

मग प्रत्यक्षात जे अपचन दिसते ते कोणते? बहुतांशी ते मागाहून आलेले व तात्पुरते असते. लॅक्टेज हे विकर लहान आतड्यातील अंकुरांच्या शेंड्यांवर असते. आतड्यास इजा झाली की शेंडे प्रथम झडतात आणि शेवटी भरून येतात. १९७३ मध्ये मेलबर्नच्या रूथ बिशप व त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिसाराने आजारी मुलांच्या आतड्यात जो विषाणू दाखविला, आणि ज्याला पुढे रोटाव्हायरस हे नाव मिळाले, तो नेमका याच शेंड्यांवर घाला घालतो. न फुटलेली शर्करा मोठ्या आतड्यात उतरते. ती पाणी ओढून घेते. तेथील जंतू तिचे किण्वन करून आम्ले व वायू निर्माण करतात. पाणी, आंबूस वास, फेस, पोटाची गुरगुर, गुदाभोवतालची लालसर कातडी, ही सर्व लक्षणे या एका प्रक्रियेतून समजून घेता येतात. अतिसार थांबल्यावर आतडे भरून येते आणि बहुधा काही आठवड्यांत विकरही परतते. अपुऱ्या दिवसांच्या मुलांत विकर जन्मतःच कमी असते, कारण ते गर्भावस्थेच्या शेवटच्या महिन्यांत वाढते. तेही दिवसांगणिक सुधारते.

निदानाचे साधन या काळात किती साधे होते याचे उदाहरण देण्यासारखे आहे. १९६४ मध्ये केरी आणि अँडरसन यांनी रुग्णालयाच्या खोलीतच करता येण्याजोगी एक परीक्षा प्रसिद्ध केली. शौचाचा द्रव भाग पाण्यात मिसळून, मधुमेह्यांच्या लघवीतील साखर तपासण्याची गोळी त्यात टाकावयाची आणि रंग पाहावयाचा. परीक्षा स्वस्त होती, त्वरित होती, आणि म्हणून सर्वत्र पसरली. दुर्दैवाने तिच्याबरोबर एक गैरसमजही पसरला. केवळ अंगावर पिणाऱ्या निरोगी मुलाच्या शौचातही पहिल्या महिन्यांत शर्करा सापडते आणि ते आम्लधर्मी असते; आईच्या दुधात दर १०० मिलिलिटरमध्ये सुमारे ७ ग्रॅम लॅक्टोज असल्याने त्यातील थोडे न पचता उतरणे हे स्वाभाविकच होय. परीक्षेचे उत्तर ‘आहे’ असे आले म्हणजे रोग आहे, असे होत नाही. मुलाचे वजन वाढते आहे की नाही, याला त्या रंगाहून अधिक महत्त्व आहे.

१९८८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच वूलरिज व फिशर यांचा एक निबंध आला. माझ्या मते या इतिहासातील सर्वांत उद्बोधक लेख तो हाच. फेसाळ हिरवट शी, वायू व रडणे असलेल्या अंगावरच्या मुलांत दोष मुलाच्या आतड्यात नसून पाजण्याच्या रीतीत असू शकेल, असे त्यांनी सुचविले. घड्याळ लावून, ठराविक मिनिटांनी मुलाला एका बाजूने काढून दुसऱ्या बाजूस लावले, तर त्यास प्रत्येक बाजूचे आरंभीचे, कमी स्निग्धांशाचे दूध अधिक मिळते. स्निग्धांश कमी म्हणून जठर लवकर रिकामे होते, आणि शर्करेचा लोंढा आतड्यास एकदम पेलावा लागतो. विकर पुरेसे असूनही अपचन दिसते. उपाय एवढाच की मुलाने पहिली बाजू आपणहून सोडीपर्यंत पिऊ द्यावे. येथे प्रथमच दूध, आई आणि मूल यांपैकी कोणासही आरोपी न करता, दूध किती वेगाने येते आणि आतडे किती वेगाने पचविते यांच्या मेळावर बोट ठेवण्यात आले. हा उपाय प्रत्येक रडणाऱ्या मुलास लागू पडत नाही हे खरे. पण त्यात गमावण्यासारखे काहीच नव्हते.

याच अवधीत शब्दाचा अर्थ दुसऱ्या बाजूनेही विस्तारला. बाल्टिमोर येथे १९६५-६६ च्या सुमारास प्रौढांच्या पाहण्या झाल्या, आणि बहुसंख्य मानवांत लहानपण सरल्यावर लॅक्टेज घटते, हा माणसाचा सामान्य धर्मच आहे, असे हळूहळू दिसून आले. भारतातही मुंबई व हैदराबाद येथील संशोधकांनी १९६७ ते १९७२ या काळात हा विषय हाताळला. आज ‘लॅक्टोज इन्टॉलरन्स’ म्हणताच वृत्तपत्रवाचकाच्या मनात जी प्रतिमा उभी राहते, ती या प्रौढ अवस्थेची असते. ती तान्ह्या मुलास लावणे म्हणजे गाडी उलट जुंपणे होय, कारण पूर्ण दिवसांच्या मुलात हे विकर अगदी भरात असते. बापाला दूध बाधते म्हणून दोन महिन्यांच्या मुलालाही बाधणार, हा तर्क त्यामुळे टिकत नाही.

गाईच्या दुधातील प्रथिनांची अॅलर्जी ही तर सर्वस्वी निराळी गोष्ट. ‘अॅलर्जी’ हा शब्द व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये घडविला, आणि त्यात संबंध रोगप्रतिकारव्यवस्थेशी आहे, पचनाशी नव्हे. शौचात रक्त, अंगावर इसब, सततच्या उलट्या ही तिची लक्षणे असू शकतात. आईने आपल्या आहारातून गाई-म्हशीचे दूध वगळल्याने अशा मुलास कधी गुण येतो. परंतु तिने तसे केल्याने तिच्या दुधातील लॅक्टोज कणभरही कमी होत नाही, कारण ते तिच्या स्तनातच तयार होते. घरोघरी या दोहोंची सरमिसळ होते आणि बाळंतीण निष्कारण उपाशी राहते. गॅलॅक्टोसीमिया हा दुर्मिळ रोग मात्र खराच धोक्याचा. कावीळ, उलट्या, यकृतवृद्धी आणि मोतीबिंदू अशा चिन्हांच्या या रोगात आईचे दूध तातडीने थांबवावे लागते, आणि त्याचा निर्णय तज्ज्ञानेच करावयाचा असतो.

तान्ह्या मुलाच्या अतिसारात आईचे दूध चालू ठेवावे आणि क्षार-साखरेचे पाणी द्यावे, हे जागतिक आरोग्य संघटनेचे धोरण आता स्थिरावलेले आहे. वरच्या दुधाविषयीही ब्राउन, पिअरसन व फाँतेन यांनी १९९४ मध्ये अनेक चाचण्यांचा एकत्र विचार करून असा निष्कर्ष काढला की, तीव्र अतिसार झालेल्या बहुसंख्य मुलांचे दूध न बदलता, न पातळ करता चालू ठेवता येते. शर्करारहित पावडर उपयोगी पडते ती वरच्या दुधावरील ज्या थोड्या मुलांचा अतिसार लांबतो व शरीर सुकत जाते त्यांना, आणि तीही काही आठवडे. आईचे दूध सोडवून गाईचे देण्याने तर शर्करा सुटतच नाही. गाईच्या दुधातही दर १०० मिलिलिटरमध्ये जवळजवळ ५ ग्रॅम लॅक्टोज असते. भारतात १९९२ च्या कायद्याने दुधाच्या पावडरीच्या जाहिरातीवर बंधन घातले. निदानाच्या कागदावर लिहिलेला शब्द हीदेखील एका परीने शिफारसच असते. पण तिच्यापर्यंत तो कायदा पोहोचत नाही.

मराठी परिभाषेचे काय करावे? ‘असहिष्णुता’ हा प्रतिशब्द नियतकालिकांत रूढ होत आहे. तो मुलाच्या स्वभावाविषयी काही सांगतो असे वाटते, आणि कायमचा शिक्का मारतो. आयुर्वेदात ‘सात्म्य’ व ‘असात्म्य’ ही जोडी आहे. ती द्रव्य आणि शरीर यांचा परस्परसंबंध सांगते, कोणा एकाचा दोष नव्हे, आणि अभ्यासाने सात्म्य होते, म्हणजे काळाने बदलते, असेही मानते. शब्द म्हणून ती मला अधिक पटते. तिच्यामागील दोषविचार मात्र तिच्याबरोबर आत येऊ नये, यासाठी वैद्यकीय लेखनात ‘दुग्धशर्करा-अपचन’ हाच शब्द सरळ व पुरेसा आहे. अट एकच की त्याच्यापुढे ‘जन्मजात’, ‘अतिसारोत्तर’ किंवा ‘अकालप्रसवजन्य’ यांपैकी एक विशेषण अवश्य असावे, आणि विशेषण ठरविता येत नसेल तर तो शब्द कागदावर लिहूच नये.

आमच्या घरातील मुलीचे दूध बंद झाले नाही. दुसऱ्या एका वयस्क डॉक्टरीणबाईंनी कागद बाजूला ठेवून तिच्या आईला इतकेच विचारले, ‘एका बाजूला किती वेळ पाजतेस गं?’ उत्तर आले, ‘दहा मिनिटं. गजर लावते.’